अकरा रेघा

तिम्मव्वाच्या लेकाला, बसवराजला, देवानं मान दिली ती फक्त वरखाली हलणारी. डावीउजवीकडं ती कधी वळलीच नाही. मजुरानं म्हणावं, साहेब, पहार जड झाली. हा म्हणणार, हलकी आणतो. मुकादमानं म्हणावं, मजूर माजलेत, जड पहारी द्या. हा म्हणणार, देतो. दोघं एकाच वेळी समोर आले तर हा फोन कानाला लावून चालू लागायचा, आणि फोनवर पलीकडं कुणी नसायचं. तिम्मव्वानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"माझ्या पोटी धोंडा जन्मला असता तरी चाललं असतं," ती धाकट्या भावाला, हणमंताला म्हणायची. "धोंड्याला कुठं फुटायचं ते तरी ठावं असतंय. ह्यो पाणी जन्मला. ज्या भांड्यात वताल तसा."

"अक्का, पोरगं गोड बोलतंय तर बोलू दे की," हणमंता हसायचा. "तुझ्या न् माझ्या तोंडाला तर कुत्रं भीतंय."

सोलापूरच्या बाहेर इरकलांची खाण म्हणून जी ओळखली जाते ती तिम्मव्वाची. नवव्या वर्षी तिच्या हातात हातोडी आली. शाळेत ती गेली ती शाळेच्या पायाला दगड टाकायला, त्या पलीकडं नाही. नवरा गेला त्या दिवशी खाणीत सुरुंगाचे सात बार भरले होते, सहा उडाले होते, आणि सातवा फुसका निघाला असं समजून तो बघायला वाकला. त्याचा उजवा हात दुसऱ्या दिवशी बाभळीवर सापडला. कावळ्यांनी दाखवला.

त्यानंतर खाण तिनं चालवली, आणि सुरुंगाचं काम हणमंताकडं दिलं. त्यालाही अक्षर येत नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून रीत घातली. खाणीच्या तोंडाशी एक काळा फळा. सकाळी जितके बार भरायचे तितक्या खडूच्या रेघा. बार वाजला की हणमंतानं एक रेघ पुसायची. शेवटची रेघ पुसून त्यानं शिट्टी मारल्याशिवाय खाली कुत्रंसुद्धा उतरणार नाही. कुणी उतरला तर तिम्मव्वा त्याला कानफटवायची, मग तो मुकादम असो नाहीतर सरकारी माणूस. त्या रेघांच्या जोरावर सतरा वर्षं गेली. सतरा वर्षांत खाणीनं एक माणूस खाल्ला नाही. तिम्मव्वाला दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता एवढा या गोष्टीचा होता. "माझ्या खाणीतनं मढं निघायचं न्हाई," ती म्हणायची, आणि तो शब्द चाळीस बायकांनी आपल्या कुंकवावर लिहून घेतलेला होता.

मग समुद्र चढला. कोकणातली दोन बंदरं पाण्याखाली गेली आणि किनाऱ्याला बंधारा घालायचं ठरलं. त्याला खडी नको होती. दहा दहा टनांच्या अखंड शिळा हव्या होत्या, लाटेनं हलणार नाहीत अशा. आंधळ्या सुरुंगानं दगड फोडता येतो. अखंड काढता येत नाही. त्यासाठी आला खेकडा.

खेकडा हे नाव मजुरांनी ठेवलं. सहा पायांचं, बैलगाडीएवढं यंत्र, उभ्या कड्यावर चढणारं. त्याची करामत पायांत होती. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थरावर थर ओतलेला लाव्हा. एक थर निवायचा, त्यावर माती साचायची, मग हजारो वर्षांनी दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून काढायचा. म्हणून खाणीच्या भिंतीत काळ्याच्या पोटात लाल पट्टे दिसतात. तो लाल पट्टा ही दगडाची दुखरी नस. तिथून तो वेडावाकडा फुटतो. वरून कुणाला ती नस दिसत नाही, पण ऐकू येते. अभंग पाषाणातून हादरा सेकंदाला पाच किलोमीटर पळतो. भेगाळलेल्यातून रखडत येतो. खेकडा कड्यात वीस भोकं पाडून ठेवायचा, त्यातल्या एकात लहानसा बार भरून उडवायचा, आणि तो हादरा आपल्या सहा पायांत कधी पोचला ते मोजून आतल्या भेगांचं चित्र काढायचा. माठ घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसं. मग मिनिटभर थांबून पुढचा बार.

यंत्राचं धड बाहेरून आलं. मेंदू रिकामा होता. तो लिहायचा होता, आणि तिथंच भांडण पेटलं.

एका बाजूला तिम्मव्वाची सून रेणुका. वडाराची पोर, इंजिनियर झालेली, खाणीच्या काठावर लोखंडी केबिन टाकून बसलेली. दुसऱ्या बाजूला शिरगावकर. बंधाऱ्याच्या कामावर देखरेखीला नेमलेले, सत्तरीला टेकलेले. उभा जन्म वीजकेंद्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेला.

"बाई, सॉफ्टवेअर म्हणजे धरण," शिरगावकर तिम्मव्वाला म्हणाले. "आधी काय हवं ते सगळं कागदावर. सह्या. मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी. एक पायरी पुरी झाल्याशिवाय पुढचीवर पाय नाही. चौदा महिने लागतील."

"चौदा महिन्यांत समुद्र थांबणार आहे का?" रेणुका म्हणाली. "आणि आत्या, दगड कसा वागणार हे आज कुणालाच माहीत नाही, तर कागदावर लिहिणार काय? मी दर पंधरा दिवसांनी एक तुकडा देते. आधी नुसतं चालणं. वापरा, मामा सांगतील काय चुकलं, पुढच्या पंधरवड्यात दुरुस्त. मग त्यावर दुसरा तुकडा. रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभ्यानं भेटायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय."

"उभ्यानं कशापायी?" हणमंतानं विचारलं.

"बसलं की माणूस लांबण लावतो, मामा."

"मंग तुझ्या नवऱ्याला एका पायावर उभा कर."

बसवराजसुद्धा हसला. शिरगावकर हसले नाहीत. "पोरी, तुझ्या पंधरवड्याच्या तुकड्यांत एखाद्या दिवशी माणसाचे तुकडे पडतील."

"आणि साहेब, तुमच्या कागदाखाली माणूस गुदमरून मरेल."

"गप," तिम्मव्वा म्हणाली. "मला एकच सांगा. चुकलं तर?"

"माझ्यात चूक लहान असते, आणि लगेच कळते," रेणुका म्हणाली.

"माझ्यात चूक कागदावरच मरते," शिरगावकर म्हणाले.

तिम्मव्वानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तुझी चूक लगीच कळती, पर कळायच्या आत कुणाचा पाय गेला तर? आन सायेब, कागदावरची चूक कागदावर मरत असंल. कागदात लिवायची राहिली ती कुठं मरती?"

तिनं पानाची पिंक टाकली.

"मी पोरपणी दारोदार पाटे टाकवत हिंडले. पाट्यावर छिन्नीचा एक घाव घालायचा, हात फिरवून बघायचं, मग दुसरा. चुकला तर चुकला, पुढल्या घावात सावरायचं. पाटा टाकवायला कागद लागत न्हाई, बोटं लागत्यात. पर सुरुंग पेटला की देवाचा बाप आला तरी माघारी येत न्हाई. तवा चालायचं, भोकं पाडायचं, ऐकायचं, हे सारं रेणुकाच्या रीतीनं. पेटवायचं मातर सायबांच्या रीतीनं. किती बार, कुठं, ते सकाळी ठरंल, फळ्यावर चढंल, आन रातीपतूर बदलायचं न्हाई. ते बदलायचं झालं तर आधी कागद, सायबांची सही, आन मग हणमंताला न् मला समोर बसवून सांगणं. बसू, ध्यानात आलं?"

बसवराजची मान वरखाली हलली.

पहिल्या पंधरवड्यात खेकडा कड्यावरून कोसळला आणि त्यानं हत्यारांची शेड चिरडली. दुसऱ्या पंधरवड्यात त्यानं पाण्याच्या टाकीला कडा समजून सहा भोकं पाडली. मजूर शिव्या देत भिजले. रेणुका रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून त्या शिव्या वहीत उतरवून घ्यायची आणि पंधरा दिवसांनी त्यातल्या निम्म्या बंद झालेल्या असायच्या. यल्लप्पा नावाचा पोकलेनवाला होता, सगळ्यांत आडमुठा. तोसुद्धा चौथ्या पंधरवड्यात म्हणाला, "व्हैनी, तुमचं जनावर आता माझं ऐकतंय. बायको ऐकत न्हाई एवढं."

शिरगावकर पेटवण्याच्या भागाला चिकटून बसले होते. एकेका ओळीवर त्यांचे प्रश्न. यंत्र अर्ध्यात बंद पडलं तर? वीज कडाडली तर? दोन भोकं एकमेकांत मिळाली तर? रेणुका चिडायची, पण एकदा तिनंच तिम्मव्वाजवळ कबूल केलं, "आत्या, म्हाताऱ्याच्या साठ प्रश्नांतले तीन असे निघाले की मला सुचलेच नसते. त्या तिन्हींनी कुणाचा तरी जीव घेतला असता."

"मंग त्याच्या पाया पड."

"पडले असते. पण तो लगेच त्याचाही अर्ज भरून मागेल."

शिळा निघू लागल्या. काळ्या, अखंड, हत्तीएवढ्या. पण पाचातली एक शेवटच्या घटकेला लाल पट्ट्यावर तडकायची. रेणुकानं सकाळच्या उभ्या बैठकीत कारण सांगितलं. पाचव्या-सहाव्या बारानंतर खेकड्याला आतली नस नीट ऐकू येते, पण तोवर आकडा ठरून गेलेला असतो. ऐन वेळी एक बार वाढवायची मोकळीक मिळाली, तर शिळा तडकणार नाही.

"पेटवायचं काम कागदाचं," तिम्मव्वा म्हणाली. "सायबांची सही आण."

"होय आत्या. तो तुकडा मी लिहून ठेवते. कागद हे घेऊन जाणार आहेत साहेबांकडं."

बसवराज म्हणाला, "मी बघतो सगळं." आणि बैठक मोडली.

त्या गोष्टीला महिना झाला. शनिवार होता, दुपारचा एक. फळ्यावर अकरा रेघा होत्या. तिम्मव्वानं सकाळी स्वतः बोटानं मोजल्या होत्या. माणसं काठावर सावलीला बसली. खेकडा कड्याला चिकटून होता.

पहिला बार वाजला. हणमंतानं एक रेघ पुसली. दुसरा, तिसरा. प्रत्येक बाराला पायाखालची जमीन लाथ मारल्यासारखी उचलत होती. सातव्यानंतर खेकड्यानं पाय हलवले आणि थोडा वेळ थांबला. मग आठवा, नववा, दहावा. अकरावा वाजला तेव्हा कड्याचा एक आख्खा चेहरा खाली आला आणि धुळीची भिंत वर चढली. हणमंतानं शेवटची रेघ तळहातानं पुसली, काठावर बसलेल्या बहिणीकडं पाहिलं. तिनं हात वर केला. त्यानं शिट्टी मारली.

धुळीत कुठंतरी खेकड्याच्या पाठीवर पुसटसं लाल काही तिम्मव्वाला दिसलं. तिला वाटलं, यंत्र तापलं असेल.

यल्लप्पानं पोकलेन खाली घातला. हणमंता पुढं चालत हातानं दिशा दाखवत होता. डावीकडं, अजून डावीकडं, उचल. बकेटचे दात ढिगात रुतले.

मग आवाज झाला. तो वरच्या बारांसारखा नव्हता. ते दगडाच्या पोटात झाले होते. हा उघड्यावर झाला. पोकलेन मागच्या पायांवर घोडा उभा राहावा तसा उभा राहिला आणि आडवा पडला. ओंजळीएवढे धोंडे काठावरच्या बाभळी सोलत गेले. तिम्मव्वाच्या शेजारी उभ्या असलेल्या पाण्याच्या पिंपात आरपार भोक पडलं.

ती उतरली कशी हे तिला पुढं कधी आठवलं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, घसरत, गुडघे फोडत. हणमंता कमरेपर्यंत होता. त्याच्या खाली काही नव्हतं, फक्त काळी झालेली धूळ. त्याचे डोळे उघडे होते आणि ते तिला शोधत होते.

"अक्का, मी बरूबर मोजलं."

"मोजलंस रं."

"अकरा. अकराच की गं."

"अकराच. मी बी मोजलं." तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडातून आलेलं रक्त तिनं पदरानं पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. मग यायचं थांबलं.

वर आरडाओरडा उठला होता. यल्लप्पाला ओढून वर काढलं होतं. केबिनची काच त्याच्या चेहऱ्यात घुसली होती, एका डोळ्याच्या जागी लाल चिखल होता, आणि तो एका डोळ्यानं खेकड्याकडं बघत बोंबलत होता. "ह्यानं खाल्लं! ह्यानं मामाला खाल्लं!"

चाळीस माणसं घण आणि पहारी घेऊन काठावर चढून आलेल्या खेकड्यावर पडली. पहिल्या घावात त्याचा एक पाय गेला. तो लटपटला आणि पाचांवर उभा राहिला. दुसरा पाय गेला. त्यानं तोल सावरला, चारांवर उभा राहिला. ते त्याला शिकवलेलंच होतं. पडलास तर उठ, घाव बसला तर सावर, पुढचं पाऊल टाक. जितका तो उठे तितकी माणसं पिसाळत. तेलाचा पाइप फुटून काळं तेल त्यांच्या तोंडावर उडालं आणि ते तसेच घण घालत राहिले. शेवटी तो पोटावर पडला, तरी उरलेला एक पाय जमीन खरवडत होता. कुणीतरी त्यावर शिळा ढकलली.

मग एक आवाज आला, "ह्येचं डोस्कं कुणी लिवलं?"

बसवराज गर्दीच्या मागं उभा होता. पांढराफटक. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एकदा खाली मामाच्या दिशेनं बघितलं, एकदा काठावरच्या केबिनकडं.

"मला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "तो तुकडा रेणुकाचा."

तिम्मव्वानं ते खालून ऐकलं. हणमंताचं डोकं तिनं हलकेच जमिनीवर ठेवलं, त्याच्यावर पदराची चिंधी फाडून टाकली, आणि शेजारी पडलेला घण उचलला.

ती वर पोचेपर्यंत केबिनचं दार मोडलं होतं. रेणुकाला केसांनी ओढत बाहेर आणलं होतं. कपाळ फुटून रक्त हनुवटीवरून गळत होतं. ती ओरडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "लाल दिवा होता, लाल दिवा होता." एकानं धोंडा उचलला होता, डोक्याएवढा.

तिम्मव्वानं काही विचारलं नाही. घण आडवा फिरवला. धोंडा धरणाऱ्याच्या कोपराचं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं आणि तो गुरासारखा ओरडत बसला.

"आता पुढं कोण येतंय?" ती म्हणाली. "भाऊ माझा मेलाय. सूड घ्यायचा तर मी घीन. मढं उचलायच्या आधी मुंगळ्यांनी यायचं न्हाई."

माणसं दोन पावलं मागं सरली. तिच्या लुगड्यावरचं रक्त कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

ती रेणुकासमोर उभी राहिली. घण खाली ठेवला नाही. "बोल. फळ्यावर अकरा रेघा हुत्या. अकरा वाजले. बारावा कुठनं आला?"

रेणुकानं तोंडातलं रक्त थुंकलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "फळ्यावर? आत्या, फळा होता?"

"सतरा वरसं हाय. आज का नसंल?"

"फळा काढलाय असं मला सांगितलं. मामा आता फळ्यावर मोजत नाहीत, खेकड्याच्या दिव्यावर बघतात. हिरवा लागल्याशिवाय शिट्टी मारत नाहीत. कागदावर साहेबांची सही झालीय. तुम्हाला आणि मामाला समोर बसवून सांगितलंय. केबिनमधून फळा दिसत नाही, आणि बैठकीत तो विषय काढू नको, मामा आधीच रागावलेत, असंही सांगितलं." ती धापा टाकत होती. "सोमवारपासून खेकडा मधेच बार वाढवू शकतो. पाच दिवस वाढवायची वेळच आली नाही. आज सातव्यानंतर त्यानं एक वाढवला. बारा भरले. एक उडाला नाही. दिवा लाल झाला. मला आत दिसत होतं, एक शिल्लक. मला वाटलं सगळे थांबलेत. आत्या, मी निवांत चहा ओतत होते!" आणि आता ती किंचाळली. "दिवा लाल होता!"

"कुणी सांगितलं तुला हे सारं?"

रेणुकानं मान वळवली. गर्दीच्या मागं बघत राहिली.

तिम्मव्वानं तिचा फोन उचलला, तिच्याच हातात दिला. "सायबाला लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

शिरगावकर सोलापुरात होते. रेणुकानं त्यांना बार वाढवण्याचा, दिव्याचा कागद विचारला. त्यांचा कोरडा आवाज त्या रक्तातेलाच्या जागेत विचित्र वाटला. "बार वाढवण्याचा कागद? नाही बाई, माझ्याकडं आलेलाच नाही. मी तीनदा विचारलं. बसवराज म्हणाले, तो विचार सोडून दिला, पेटवणं जसंच्या तसं आहे. आला असता तर माझा पहिला प्रश्न हाच असता, धुळीत दिवा दिसला नाही तर माणसं काय मोजतील? बाई? काय झालंय तिथं?"

रेणुकानं फोन बंद केला.

आता कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. बंधाऱ्याच्या लोकांना बसवराजनं सांगितलं होतं, शिळा वाढतील. बायकोला सांगितलं, फळा गेला. साहेबांना सांगितलं, काही बदललं नाही. मामाला काहीच सांगितलं नाही. सकाळी अकरा म्हटल्यावर मामानं अकरा रेघा ओढल्या. चौघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. पाटा टाकवल्यागत काम करणाऱ्या रेणुकाचा हात चुकला नव्हता, आणि सुरुंगवाल्याचाही नव्हता. दोन्ही रीती खऱ्या होत्या. त्या दोन्हींच्या मध्ये जो माणूस उभा होता, तो खोटा होता.

गर्दी दुभंगली. बसवराज पळाला नाही. पळायलाही एक काहीतरी ठरवावं लागतं.

"अव्वा," तो म्हणाला, "मामाला दिवाबिवा सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. साहेबांनी सहीला चार महिने घातले असते. रेणुका रोज मागं लागायची. बंधाऱ्याचे लोक रोज फोन करायचे. मी सगळ्यांचं मन राखत होतो गं. एकदा शिळा नीट निघायला लागल्या की सगळ्यांना सांगणारच होतो."

तिम्मव्वानं घण टाकला. तिला आठवलं, हा सहा वर्षांचा असताना खाणीवर तपासणीला साहेब आले होते, आणि तिनंच याच्या पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, सायबापुढं न्हाई म्हणायचं नसतंय, मान डोलवायची. चांगला शिकला होता पोरगा.

तिनं त्याला मारलं. उघड्या हातानं, साठेक वर्षं हातोडी धरलेल्या. तो फिरून गुडघ्यावर पडला आणि एक दात धुळीत पडला. गर्दीतून हुंकार उठला. यल्लप्पा एका हातानं डोळा दाबत दुसऱ्या हातात पहार घेऊन पुढं आला.

"यल्लप्पा, मागं हो. तुझा डोळा गेलाय, तुझा हक्क मोठा हाय. पर त्याला आज मारलास तर त्याचं मढं बी माझ्याच खाणीतनं निघंल, आन तू बी जाशील. फौजदाराला निरोप धाडा. त्यो येईस्तवर ह्येला कुणी हात लावायचा न्हाई. आन कुणी ह्येला हितनं हलवायचा बी न्हाई."

यल्लप्पाची पहार खाली आली. रेणुका कपाळाला ओढणी दाबून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. ती खाली खाणीत बघत होती, जिथं फाटक्या पदराखाली मामा होते.

बसवराजनं आईचे पाय धरले. "अव्वा, फौजदाराला यंत्राचं सांग. तू म्हणशील ते लोक ऐकतील. माझं काय होईल मग? अव्वा, मी तुझा एकुलता एक."

तिम्मव्वानं पाय सोडवून घेतला. आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती लेकाला म्हणाली, "मन राखायची हौस हुती तर सोयरिकी जुळवायच्या हुत्यास. खाणीत माणसं राखायची असत्यात. माझा भाऊ दगडानं मारला न्हाई, खेकड्यानं मारला न्हाई, ह्या पोरीनं मारला न्हाई. तू मारलास. आन बायकूला दगडाखाली देऊन वर जगायला बघत हुतास. फौजदाराला सारं तू सांगशील, तुझ्या तोंडानं, मी शेजारी उभी असताना. एक सबूद गाळलास तर त्यो मी सांगीन. जिती वरसं पडतील तिती भोग. माघारी आलास तर तुझी आई म्हणून तुला भाकर वाढीन. पर खाणीची पायरी चढलास, तर त्या दिवशी मी निपुत्रिक."